कारच्या नावाखाली बाईकची पॉलिसी: ५,९०० चा चुना

ठाणे-ऐरोली पट्ट्यात 'जुन्या गाडीचा इन्शुरन्स स्वस्तात करून देतो' म्हणणारा कुणी भेटला आणि पैसे स्वतःच्या यूपीआयवर मागायला लागला, तर तिथूनच मागे फिरा. माझे ५,९०० गेले, वर गॅरेजचे ३८,७००.

गाडी २०१२ ची पेट्रोल स्विफ्ट, ११९७ सीसी. कंपनीकडून रिन्युअल ८,९४० चं आलं होतं, ५० टक्के एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, धरून. एवढ्या जुन्या गाडीवर इतके कशाला घालायचे, असं कुणालाही वाटेल. सोसायटीच्या ग्रुपवर ऐरोलीच्या एकाचा नंबर फिरत होता. पीयूसीच्या गाडीपाशी बसतो, आमच्याच विंगमधल्या दोघांची कामं केलेली. "साहेब, ५,९०० मध्ये फुल पॉलिसी, झिरो डेपसकट. कंपनीच्या लिंकवर भरलंत तर डिस्काउंट बसत नाही, माझ्या नंबरवर टाका." झिरो डेप म्हणजे क्लेममध्ये घसारा न कापणं. थोड्या वेळात पीडीएफ हजर. लोगो, क्यूआर कोड, सही, सगळं जागच्या जागी.

आता हिशेब बघा, जो तेव्हा कुणी करत नाही. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या सक्तीच्या विम्याचा, दर सरकार ठरवतं, कुठल्याही कंपनीत तोच. १००० ते १५०० सीसीच्या कारला ३,४१६, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,०३१. त्यात सूट देणं कुणाच्या बापाच्या हातात नाही. ५,९०० मधून ते वजा केलं की उरतात १,८६९. एवढ्यात ओडी (आपल्याच गाडीच्या नुकसानीचं कव्हर), झिरो डेप आणि १५ लाखांचं मालक-चालक अपघात कव्हर? दहा वर्षांवरच्या गाडीच्या क्लेममध्ये लोखंडी पार्टवर ५० टक्के घसारा कापतात, प्लास्टिक-रबरवर तर ५० टक्के आधीपासूनच. म्हणून जुन्या गाडीवाल्याला झिरो डेपचं गाजर दाखवतात. खरं झिरो डेप इतक्या जुन्या गाडीला सहसा मिळतच नाही.

आणि ती ओळ. दुसऱ्या पानावर, चेसिस नंबरच्या खाली, बारीक अक्षरात: सीटिंग कपॅसिटी २. स्विफ्टला! पठ्ठ्याने मॉडेल बदललं, सीसी बदललं, आयडीव्ही, म्हणजे गाडीची विम्यातली किंमत, २,१०,००० टाकली, हा एक आकडा तेवढा राहिला. मी ती पीडीएफ उघडली होती. नाव बघितलं, गाडीचा नंबर बघितला, तारीख बघितली. सीटिंग कपॅसिटी कोण वाचतं हो? तरी मी गाफील नव्हतो. एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर तपासलं, तिथे इन्शुरन्स व्हॅलिड, कंपनीचं नावसुद्धा बरोबर. मग आणखी काय करायचं माणसाने?

खेळ असा होता की त्याने माझ्या कारच्या नंबरवर खरोखरची पॉलिसी काढली होती, पण दुचाकीची. ७५ ते १५० सीसीच्या बाईकचं थर्ड पार्टी ७१४, जीएसटी धरून ८४३. बाकीचे ५,०५७ त्याच्या खिशात. नंबर आणि तारीख खरी, म्हणून अ‍ॅप खूश.

पावसात पातलीपाड्याजवळ गाडी दुभाजकावर गेली. बंपर, फेंडर, हेडलाइट, रेडिएटर. गॅरेजमधल्या मुलीने पॉलिसी नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली: "सर, ही तर बाईकची आहे." मागे चार गिऱ्हाइकं उभी. त्या दुभाजकाजागी माणूस असता तर? इतके महिने मी विम्याविना घोडबंदर रोडवर फिरत होतो. मोटार अपघात ट्रिब्युनलने ठरवलेली भरपाई घर विकून द्यावी लागली असती.

पुढची कहाणी याहून वाईट. कंपनी म्हणते, तो आमचा एजंट नाही, ईमेल करा. ठाण्यातले पोलीस म्हणतात, पैसे ऐरोलीत घेतले, नवी मुंबईची हद्द. तिकडचे म्हणतात, तुम्ही राहता ठाण्यात, पेमेंट ऑनलाइन, सायबरला जा. सायबरवाले म्हणतात, पैसे तुम्ही स्वखुशीने पाठवलेत, हे दिवाणी प्रकरण. दिवाणी? खोटी पॉलिसी बनवून विकणं दिवाणी? १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये सरळ लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची. ते सांगितल्यावर साहेब म्हणाले, "वकील आहात का?" १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला तर व्यवहार इतका जुना, आता रक्कम गोठवणार कशी. हेल्मेट नसलेल्याला नाक्यावर बरोबर हेरतात, याला पकडायला मात्र खाडी ओलांडवत नाही. निदान लेखी अर्जावर पोचेचा शिक्का तरी घ्या, तोंडी बोलून उठू नका.

ज्यांनी कुणामार्फत पॉलिसी काढलीय, त्यांनी पीडीएफवर विसंबू नका, अ‍ॅपवरही नाही. पॉलिसी नंबर थेट कंपनीच्या साइटवर टाका आणि गाडीचा प्रकार वाचा. आमच्या विंगमधल्या एकाची तशीच निघाली.

आणखी एक भुर्दंड: खरी पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की एनसीबी जातो. माझा ५० टक्के गेला. आता फुल पॉलिसी घ्यायची तर गाडीची तपासणी आणि दुप्पट ओडी. दोन लाखांच्या गाडीला ते परवडत नाही, म्हणून कंपनीच्या साइटवरून नुसतं थर्ड पार्टी घेतलं, ४,०३१ भरून, अपघात कव्हर वेगळं. तो माणूस अजून तिथेच बसतो.