२१२ पानांचं बाइंडिंग, पुठ्ठा कोरा (५ पैकी ४ स्टार)

दुकान सोलापुरात सात रस्त्याजवळ आहे, नाव मुद्दाम टाकत नाही, का ते खाली कळेलच. झेरॉक्स, प्रिंट, स्पायरल आणि थिसिसचं काळं बाइंडिंग एवढं सगळं करतात, जागा मात्र रिक्षाएवढी.

माझं काम जरा वेगळं होतं. मी सहा वर्षं झाली फॅनफिक लिहितेय, लहानपणी घरी रात्री लागायची त्या एका डिटेक्टिव्ह सिरीयलवर, म्हणजे पात्रं त्यांची आणि भानगडी माझ्या, आणि सगळं घडतं सोलापुरात, एक खून तर गड्ड्यात, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, पाळण्याखालीच केलाय. हे सगळं फक्त माझ्यासाठी. मधे दोन भाग एओथ्रीवर टाकून बघितले होते, फॅनफिकची मोठी साईट आहे ती, जाहिराती नाहीत, देणग्यांवर चालते, २००९ पासून आहे आणि २०१९ ला ह्युगो, म्हणजे सायन्स फिक्शनवाल्यांचं मोठं अवॉर्ड, पण मिळालंय. भाषेच्या यादीत मराठी आहे बरं का. पण लोकांसाठी लिहायला बसलं की माझा हातच जड होतो, होम मैदान कुठं, कडक भाकरी कशाशी खातात हे समजावत बसायचं, आणि इन्स्पेक्टर पण उगाच शहाण्यासारखा बोलायला लागतो. बरं नुसतं ड्राफ्टमध्ये ठेवावं म्हटलं तर पोस्ट न केलेला ड्राफ्ट तिथं महिनाभरानं डिलीट होतो, तसं लिहिलेलंच असतं, कपाट म्हणून वापरायची ती जागाच नाही. मग म्हटलं छापून घरातल्याच कपाटात ठेवू.

आता दुकानाचं. वर्डची फाईल नेऊ नका, त्यांच्या कॉम्प्युटरवर माझी सगळी जोडाक्षरं तुटली, 'इन्स्पेक्टर' वाचवेना. घरी येऊन पीडीएफ करून नेली तेव्हा नीट आलं. दोन्ही बाजूंनी प्रिंट, पानाला दीड रुपया, म्हणजे ३१८, बाइंडिंगचे १८०, झाले ४९८, सुट्टे नाहीत म्हणून ५०० घेतले. कागद बरा आहे, मागची अक्षरं पुढं दिसत नाहीत.

मालकांना वाटलं थिसिसच आहे. "गोल्डनमध्ये काय टाकायचं, गाईडचं नाव सांगा." विद्यापीठाचं नाव त्यांना पाठ, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर पुठ्ठ्यावर किती ओळीत बसवायचं हे न विचारता सांगतात. काहीच नको म्हटल्यावर बघतच राहिले. एओथ्रीवर ऑर्फन करायची सोय आहे, गोष्ट राहते आणि आपलं नाव निघून जातं, माझ्या डोक्यात तेच होतं. मग विचारले, ५० कॉपी काढून विकणार का? पात्रं दुसऱ्याची आहेत ओ काका, विकता येत नाही. "मग लिहिता कशाला?" ह्याच्यावर मी फक्त हसले.

खरी गंमत पुढं. पानांवर नंबर टाकायचे मी विसरले होते (चूक माझीच) आणि गठ्ठा त्यांच्या हातून पडला (ही त्यांची). बाइंडिंगवाल्या पोरानं क्रम लावायला शेवटी वाचतच पानं जुळवली. दुसऱ्या दिवशी गेले तर म्हणतो, "ताई, मी वाचलो ओ सगळं." आमच्याकडं वाचलो म्हणजे वाचलं, पण त्याचं तोंड बघून दुसरा अर्थ पण चालला असता. मला तर घामच फुटला. सहा वर्षं जे आईला दाखवलं नाही ते ह्यानं डिंकाच्या बोटांनी वाचलं, एका पानावर अंगठा उमटलाय अजून. आणि पुढं म्हणतो, "नवव्या भागात सायबाचा डावा हात प्लास्टरमध्ये हाय, मग दहाव्यात बुलेट कसं चालवतंय?"

सहा वर्षांत मला दिसलं नव्हतं हे. ऑनलाईन लोक बीटा रीडर, म्हणजे आधी वाचून चुका सांगणारा, शोधत फिरतात, मला बाइंडिंगच्या पैशात मिळाला. त्याला मी कडक भाकरी म्हणजे काय हे सांगितलं नाही, त्यानं विचारलं पण नाही, उलट गड्ड्यातला पाळणा कुठल्या बाजूला असतो ते मलाच दुरुस्त करून सांगितलं. तेवढ्यात मालक आले तसा तो गप्प झाला. गिऱ्हाइकाचे कागद वाचतो म्हणून त्याला बोलणी बसतील, म्हणून नाव टाकलेलं नाही.

एक स्टार कापला तो फाईलसाठी. आठवड्यानं दुसऱ्या कामाला गेले तर 'गड्डा मर्डर फायनल फायनल' तशीच डेस्कटॉपवर, येईल त्याला दिसेल अशी. समोर उभं राहून डिलीट करायला लावली, रिसायकल बिनमधून पण. तुमचं आधार, पॅन काय पण असू दे, काम झालं की तिथंच डिलीट करून घ्या. पेन ड्राइव्ह न्या, व्हॉट्सॲपवर पाठवू नका, नाहीतर त्यांच्या फोनमध्ये राहतं.

प्लास्टरचं दुरुस्त केलंय, दहाव्या भागात बुलेट आता हवालदार चालवतो. ती आठ पानं बदलायला परत बाइंडिंग खोलावं लागणार, त्याचे वेगळे ६० सांगितलेत. रविवारी बंद असतं, आणि दुपारी दोन ते चार मालक जेवायला घरी जातात, तेव्हा तो पोरगा एकटाच असतो, मी त्याच वेळेला जाणार आहे.