ठाण्यातील सायंकालीन वेब विकसन अभ्यासक्रम: अध्यापन उत्तम, कार्यपुस्तिका कालबाह्य

ठाणे स्थानकापासून चालत जाता येईल अशा एका महाविद्यालयातील वेब विकसन आणि माहिती व्यवस्थापनाचा प्राथमिक अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. वर्ग सायंकाळी भरत असल्यामुळे वागळे इस्टेटमधून काम आटोपून येणारी मंडळी आणि पदवीचे नियमित विद्यार्थी एकाच बाकावर बसतात, आणि चर्चेला त्याचा फायदाच होतो.

हे दोन विषय एकत्र का शिकवावेत, याचे उत्तर पहिल्याच व्याख्यानात मिळते. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत जो प्रस्ताव मांडला, त्याच्या शीर्षकातच माहिती व्यवस्थापन होते. माणसे संस्था सोडून जात आणि त्यांच्याबरोबर प्रकल्पांची माहितीही हरवत असे, या अडचणीतून वेबची कल्पना निघाली. हा धागा प्राध्यापिकेने सत्र संपेपर्यंत सोडला नाही.

माझ्या मते अभ्यासक्रमाचे खरे बळ डेटाबेसच्या भागात आहे. एचटीएमएलचे (वेबपानाची रचना लिहिण्याच्या भाषेचे) पहिले पान लिहिण्याआधी एका ग्रंथालयाची देवघेव कोष्टकांत मांडायला लावली जाते, आणि १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय असलेल्या शहरात हे उदाहरण कोणालाही परके वाटत नाही. सभासदाचे नाव, पत्ता, पुस्तक, लेखक आणि दिनांक हे सारे एकाच कोष्टकात भरले, की नौपाड्यातील सभासद घोडबंदर रस्त्याला राहायला गेल्यावर त्याच्या प्रत्येक नोंदीतील पत्ता बदलावा लागतो, आणि त्यातली एखादी नोंद राहून गेली तर खरा पत्ता कोणता हे संगणकाला सांगता येत नाही. हा गोंधळ विद्यार्थ्यांना आधी प्रत्यक्ष घालू दिला जातो आणि मगच संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांचे १९७० चे रिलेशनल प्रारूप (माहिती कोष्टकांत मांडण्याची पद्धत) व नॉर्मलायझेशनचे (एकच माहिती पुन्हापुन्हा न साठवण्याचे) नियम समोर येतात, त्यामुळे ते पाठ करावे लागत नाहीत. पुस्तक आणि प्रत या वेगळ्या गोष्टी आहेत, शीर्षक एकदाच नोंदवून प्रत्येक प्रतीला स्वतंत्र दाखल क्रमांक द्यायचा असतो, यावर जवळजवळ एक पूर्ण तास वाद झाला; संपूर्ण सत्रातील तो सर्वांत मोलाचा तास होता.

सीएसएस (पानाची सजावट) आणि जावास्क्रिप्ट (पानाला हालचाल देणारी भाषा) यांचा भाग ठीकठाक आहे, मात्र घाईत उरकला जातो.

तक्रार आहे ती छापील कार्यपुस्तिकेबद्दल. तिच्यातील पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेचे डेटाबेस जोडणीचे आदेश त्या भाषेच्या सातव्या आवृत्तीतून, म्हणजे २०१५ मध्येच, काढून टाकलेले आहेत; ते जसेच्या तसे उतरवणाऱ्या नवशिक्याच्या पडद्यावर केवळ त्रुटीचा संदेश येतो. कोष्टके बनवतानाही अक्षरसंच लॅटिन ठेवलेला असल्याने सभासदांची मराठी नावे प्रश्नचिन्हांची रांग होऊन साठवली जात. प्राध्यापिकेने त्याचाही धडा केला, हे त्यांचे श्रेय. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि ‘क्षि’ हे दिसायला एकच असलेले अक्षर क, हलन्त, ष आणि वेलांटी अशा चार चिन्हांचे, म्हणजे बारा बाइटचे असते, हे त्यांनी फळ्यावर मांडून दाखवले. तरीही शिक्षकाच्या हुशारीवर पुस्तिकेचे दोष झाकले जाणे ही काही व्यवस्था नव्हे.

त्याहून गंभीर उणीव सुरक्षिततेची आहे. वापरकर्त्याने रकान्यात भरलेला मजकूर थेट एसक्यूएलच्या (डेटाबेसशी बोलण्याच्या भाषेच्या) आदेशात चिकटवला, तर कोणीही त्या रकान्यातून स्वतःचा आदेश घुसवू शकतो. प्रिपेअर्ड स्टेटमेंट, म्हणजे आदेश आधी ठरवून मजकूर वेगळा पाठवण्याची पद्धत, वापरून हा धोका टाळता येतो, पण हे शेवटच्या आठवड्यात सांगितले जाते, तोवर सर्वांचे प्रकल्प धोकादायक पद्धतीनेच लिहून झालेले असतात. वास्तविक पहिला फॉर्म लिहिला जातो त्याच दिवशी हे शिकवायला हवे.

तीन महिन्यांत नोकरी हवी असणाऱ्याने येथे येऊ नये. रिअ‍ॅक्टसारखी (जावास्क्रिप्टने वेबपाने बांधण्याची) आज मागणी असलेली साधने येथे शिकवली जात नाहीत आणि लेखी परीक्षेत क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायचे आदेश, कागदावर हाताने लिहाव्या लागतात. एखाद्या संस्थेचे वा दुकानाचे दफ्तर नीट मांडून ते संकेतस्थळावर आणण्याची ज्याला इच्छा आहे, त्याने मात्र प्रवेश अवश्य घ्यावा. फक्त शुल्क भरण्यापूर्वी कार्यालयात कार्यपुस्तिकेची नवी आवृत्ती निघाली आहे का, याची चौकशी करावी, आणि निघाली नसेल तर पहिल्या प्रात्यक्षिकापासूनच पीडीओ (पीएचपीतून डेटाबेसशी जोडणीची आजही चालणारी पद्धत) वापरण्याची परवानगी मागून घ्यावी. आमच्या तुकडीत ज्यांनी ती मागितली, त्यांना ती विनासायास मिळाली.