कागदावर ५७ हॉर्सपॉवर वाढली, गाडीत शून्य: डेट्रॉइटकडच्या मस्टँगवाल्यांनी हे वाचाच

नोवी, ट्रॉय, कँटन या पट्ट्यात आपली मराठी पोरं खच्चून भरलीत, त्यातली अर्धी गाड्यांच्या धंद्यातच नोकरीला, आणि तरीही एक परफॉर्मन्स शॉप (गाडीची ताकद वाढवून देणारं दुकान) आपल्याच पोरांना पद्धतशीर गिऱ्हाईक करतंय, म्हणून हे लिहायला बसलो. दुकानाचं नाव टाकत नाही कारण केस चालू आहे. पण पद्धत इतकी ठरलेली आहे की वाचलीत तर कुठल्याही दुकानात ओळखू येईल.

माझी २०१६ ची मस्टँग जीटी, ५.० कोयोटी इंजिन, मॅन्युअल, सेकंडहँड घेतलेली पण पूर्ण स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशी. कोणाचा हात न लागलेली अशी गाडी मिळणं म्हणजे नशीबच. ऑगस्टमधल्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ असते, १९९५ पासून चालू आहे, फर्नडेलपासून पाँटिॲकपर्यंत वुडवर्ड ॲव्हेन्यू जुन्या-नव्या मसल कार्सनी नुसता ओसंडून वाहतो. त्याच्या आधी जून-जुलैत इथल्या दुकानांचा सीझन असतो. "स्लॉट भरत आलेत, आजच ठरव" हे तेव्हा सगळ्यांनाच ऐकवतात.

मी काय अपग्रेड करू विचारायला गेलो, तर त्यांनी म्हटलं आधी डायनोवर, म्हणजे रोलरवर चाकं फिरवून ताकद मोजणाऱ्या मशीनवर चढवू, बेसलाइन (बदलाआधीचं मोजमाप) फुकट. आकडा आला ३५२ हॉर्सपॉवर. मालकाने तोंड पाडलं आणि म्हणाला, कंपनी ४३५ सांगते आणि तुझी ३५२ च देतेय, गाडी गुदमरतेय. इथेच पहिली लबाडी आहे. कंपनीचा ४३५ हा आकडा इंजिनच्या क्रँकवरचा (थेट इंजिनच्या दांड्यावरचा), डायनो मोजतो चाकावर, आणि मधे गिअरबॉक्स, शाफ्ट, डिफरन्शियल यांच्यात साधारण १५ टक्के जातातच. म्हणजे चाकावर ३७० च्या आसपास दिसणं ही ठणठणीत गाडीची खूण, आणि राहिलेला फरक कुठून आला ते पुढे सांगतो.

मग पॅकेज काढलं, "स्टेज वन". कोल्ड एअर इनटेक (इंजिनात हवा आणणारी मोठी नळी), मोठी थ्रॉटल बॉडी (ती हवा सोडणारी झडप), ॲक्सल-बॅक एक्झॉस्ट (मागचे सायलेन्सर) आणि कस्टम ट्यून (इंजिनच्या कॉम्प्युटरचं नवं सेटिंग), सगळं मिळून २,४०० डॉलर. ९०० कार्डवर ॲडव्हान्स, उरलेले १,५०० झेलने (बँकेतून थेट पाठवून) दिले तर लेबर कमी लावतो म्हणाला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) काढून टाकायचाही आग्रह चालू होता, मिशिगनमध्ये एमिशन टेस्टच नाही, कोण बघतंय म्हणे. ते फेडरल कायद्याने बेकायदा आहे, टेस्ट असो वा नसो, त्याला मी सरळ नाही सांगितलं.

गाडी परत मिळाली तेव्हा दुसरा कागद हातात ठेवला, ४०९. आणि खरं सांगतो, गाडी चालवताना जोरदार वाटत होती. पेडलला जरा पाय लागला की उसळायची, आवाजही भारी. पण थोडे दिवस जातात न जातात तोच चेक इंजिन लाइट. कोड पी०१७१ आणि पी०१७४, म्हणजे इंजिनच्या दोन्ही बाजू (बँक) लीन, हवा जास्त पेट्रोल कमी. दुकानाने कोड पुसून दिले आणि म्हणाले ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) शिकतोय, चालव. परत लागला. परत पुसला. हे ऐकून कोणी गप्प बसू नका, लीन चाललेल्या इंजिनला फुल थ्रॉटल देणं म्हणजे पिस्टनशी खेळ.

माझा एक पुण्याचा मित्र इथे एका सप्लायरकडे पॉवरट्रेन कॅलिब्रेशन करतो, त्याने लॅपटॉप लावून ईसीयूमधली फाइल वाचली आणि स्टॉक फाइल शेजारी उघडली. स्पार्क टेबल तेच, कॅम टायमिंग तेच, फ्युएलचं सगळं तेच, रेव्ह लिमिटही (इंजिन जास्तीत जास्त किती फिरू द्यायचं ती मर्यादा) स्टॉकचीच ७,००० आरपीएम. बदललेला होता फक्त पेडलचा नकाशा. म्हणजे आधी पाय तीस टक्के दाबल्यावर थ्रॉटल जेवढा उघडायचा त्याच्या दुप्पट आता उघडतो. त्यामुळे गाडी "जोरदार" वाटते, पण पूर्ण दाबल्यावर आधीही शंभर टक्के आणि आताही शंभर टक्केच, इंजिनची ताकद कणभरही वाढत नाही. "अरे, याला ट्यून म्हणून ५०० डॉलर लावलेत?" एवढंच तो बोलला.

लीनचं कारणही तिथेच मिळालं. नवीन इनटेकमध्ये मास एअर फ्लो सेन्सर जिथे बसतो ती नळी स्टॉकपेक्षा रुंद होती. रुंद नळीत तेवढीच हवा सेन्सरजवळून हळू जाते, सेन्सरला वाटतं हवा कमी आली, ईसीयू पेट्रोल कमी सोडतो. म्हणून असल्या इनटेकबरोबर सेन्सरचा तक्ता बदलणारी ट्यून लागतेच लागते. ती केलेलीच नव्हती. फ्युएल ट्रिम, म्हणजे कमी पडलेलं पेट्रोल ईसीयू किती टक्के वाढवतोय तो आकडा, अधिक १८ वर जाऊन बसला होता.

आता ते दोन कागद. डायनोच्या शीटवर एका कोपऱ्यात बारीक अक्षरात करेक्शन फॅक्टर (हवामानाप्रमाणे आकडा जुळवणारा गुणक), स्मूदिंग, तापमान, आर्द्रता छापलेली असते, सगळं त्यात आहे. माझ्या "बिफोर"वर लिहिलंय अनकरेक्टेड, तापमान ८९ फॅरनहाइट. "आफ्टर"वर लिहिलंय एसटीडी, तापमान ६१. एसटीडी आणि एसएई या करेक्शनच्या दोन पद्धती, त्यात एसटीडी हे एसएईपेक्षा साधारण चार टक्के जास्त आकडा दाखवतं, आणि उन्हाळ्यातला अनकरेक्टेड आकडा तर दोघांच्याही खाली असतो. नुसता हा खेळ केला तरी गाडीला हात न लावता २५-३० हॉर्सपॉवर "वाढतात". तारीख दोन्हीवर जुलैची, भर दुपारची, आणि जुलैच्या दुपारी डेट्रॉइटच्या पत्र्याच्या शेडमध्ये ६१ फॅरनहाइट? त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आफ्टरचा ग्राफ ७,४०० आरपीएमपर्यंत गेलाय. माझी गाडी ७,००० लाच कट मारते. म्हणजे तो ग्राफ माझ्या गाडीचा नाहीच, कोणाच्या तरी खऱ्या ट्यून केलेल्या गाडीचा आहे.

दुसऱ्या ठिकाणी पैसे भरून एसएई करेक्शनवर मोजली तर ३६३ आली. मित्राच्या मते नॉक सेन्सर (इंजिनातली ठोकर ओळखणारे) ठिणगीचं टायमिंग मागे खेचत होते, म्हणजे बहुतेक स्टॉकपेक्षाही थोडी कमीच. माझा ओरिजिनल एअरबॉक्स (एअर फिल्टरचा डबा) मागितला तर म्हणे भंगारात गेला. मिशिगनमध्ये रिपेअर शॉपला सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे (गाड्यांची नोंदणी बघणारं राज्याचं खातं) नोंदणी लागते, आधी लेखी एस्टिमेट द्यावं लागतं आणि काढलेले पार्ट मागितले तर परत द्यावे लागतात, हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. मी सॅल्व्हेज यार्डातून जुना एअरबॉक्स आणून बसवला, ईसीयू स्टॉक केला, लीनचे कोड गेले ते गेलेच.

पैशाचं म्हणाल तर कार्डवरचे ९०० डिस्प्यूट टाकून परत आले, दोन डायनो शीट आणि मित्राने काढलेली फाइलची तुलना जोडली होती. झेलने दिलेल्या १,५०० ला बँकेने हात वर केले, तुम्ही स्वतः पाठवलेत म्हणाले. त्यासाठी स्मॉल क्लेम्समध्ये (छोट्या दाव्यांच्या कोर्टात) गेलोय, इथे ७,००० डॉलरपर्यंत वकिलाशिवाय दावा लावता येतो. सेक्रेटरी ऑफ स्टेटकडेही तक्रार केलीय.

ज्यांची गाडी अजून स्टॉक आहे त्यांना कळकळीने सांगतो, पहिला पैसा टायरवर घाला. ४०० पाउंड-फूट टॉर्क मागच्या दोन चाकांवर येतो, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तोच रस्त्याला लागत नाही, अजून हॉर्सपॉवर घेऊन करणार काय. समर टायर ४५ फॅरनहाइटखाली कडक होतात, तेव्हा इथे दोन सेट लागतातच. मग ब्रेक पॅड आणि ताजं फ्लुइड. ॲक्सल-बॅक आवडत असेल तर आवाजासाठी जरूर घ्या, पॉवरसाठी नको. स्टॉक इंजिनवर मोठी थ्रॉटल बॉडी तर निव्वळ वाया. चांगला इनटेक आणि ९३ ऑक्टेनची खरी ट्यून यांनी चाकावर वीसेक हॉर्सपॉवर प्रामाणिकपणे मिळते, त्यावर कोणी पन्नास-साठ म्हणाला की उठून या. ट्यून घेतलीत तर ती तुमच्या व्हिनला (गाडीच्या चासी नंबरला) लॉक झालेल्या तुमच्या स्वतःच्या हँडहेल्ड ट्यूनरमध्ये हवी आणि स्टॉक फाइल तुमच्याकडे सेव्ह हवी. डायनोचे दोन्ही रन तुमच्यासमोर, त्याच मशीनवर, त्याच गिअरमध्ये, दोन्ही एसएईवर. दुकान नाही म्हणालं तर चालू पडा.

शेवटची गोष्ट या आठवड्यातली. कँटनच्या एका आपल्याच मुलाने त्याची "आफ्टर" शीट मला पाठवली, त्याची गाडी २०१७ ची ऑटोमॅटिक. पीक ४०९, ६१ फॅरनहाइट, ७,४०० आरपीएम, ग्राफमधला ५,००० जवळचा खड्डासुद्धा तोच. सुनावणीच्या आधी मला असे आणखी कागद हवे आहेत, कोणाकडे ४०९ ची शीट असेल तर फोटो पाठवा, खालचा करेक्शनचा कोपरा नीट दिसेल असा.