दुर्बिणीतून जाळी की खालून डेलॉर्म? गुदभ्रंशाच्या ऑपरेशनची पारख

मूळव्याध म्हणून लेसर झालं आणि तरीही अंग बाहेर येतच राहिलं, अशी केस कोलोरेक्टल ओपीडीला नवी नाही. त्यामुळे ऑपरेशनची पारख करायची तर सुरुवात तपासणीपासूनच करावी लागते. टेबलावर आडवं झोपवून पाहिलं तर गुदभ्रंश, म्हणजे गुदाशय (मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग) गुदद्वारातून बाहेर येणं, सहज लपतो. रुग्णाला कमोडवर बसवून कुंथायला लावलं की तो दिसतो. बाहेर आलेल्या भागावर एकात एक गोल वळ्या असतील तर आतड्याची पूर्ण भिंत उतरली आहे असं समजावं. मधे उभ्या खाचा असलेले सुटे कोंब दिसले तर ती मूळव्याध. घरी अंग बाहेर आलं की मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. लाजेपोटी तो दाखवला जात नाही, पण त्या एका फोटोने निदान होतं. ऑपरेशनआधी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, मात्र टाळू नये, कारण क्वचित आतली गाठच आतड्याला खाली ओढत असते.

सध्या जास्त मागणी आहे ती दुर्बिणीतून पुढच्या बाजूला जाळी बसवण्याच्या ऑपरेशनला, म्हणजे व्हेंट्रल मेश रेक्टोपेक्सीला. रुग्णाला डोक्याकडे उतार देऊन ओटीपोट मोकळं करतात. सेक्रमच्या (मणक्याच्या तळाच्या त्रिकोणी हाडाच्या) वरच्या कडेपासून गुदाशयाच्या उजव्या बाजूने पोटाचा पडदा उघडत पुढे येतात आणि बाईच्या बाबतीत योनी व गुदाशय यांच्यामधून थेट ओटीपोटाच्या तळापर्यंत उतरतात. साधारण 3 सेंटीमीटर रुंद आणि 17 सेंटीमीटर लांब पट्टी गुदाशयाच्या पुढच्या भिंतीला शिवतात, वरचं टोक सेक्रमला अडकवतात आणि जाळीवर पडदा पुन्हा शिवून टाकतात. हा पडदा नीट बंद झाला नाही तर लहान आतडं जाळीला चिकटतं. गुदाशयाची मागची बाजू सोडवावी लागत नाही, त्यामुळे तिथल्या नसा वाचतात. जुन्या, मागून जाळी बसवण्याच्या पद्धतीत अंग आत जायचं, पण नवं बद्धकोष्ठ मागे लागायचं. ती तक्रार इथे बरीच कमी आहे.

बिघडतं ते दोन ठिकाणी. खालपर्यंत न उतरता जाळी वरच शिवली, तर तिच्याखालचा भाग पुन्हा घसरतो. वरचा टाका खोल जाऊन मणक्याच्या चकतीत रुतला, तर काही आठवड्यांनी कंबर असह्य दुखते, ताप येतो आणि एमआरआयमध्ये चकतीचा संसर्ग निघतो. ही कंबरदुखी 'भूल दिली होती ना, म्हणून' असं म्हणून सोडून देऊ नये. कृत्रिम जाळी आतड्यात किंवा योनीत घुसण्याचा धोका शंभरात साधारण दोघांना असतो आणि पॉलिप्रॉपिलीनपेक्षा पॉलिस्टर जाळीत तो जास्त दिसला आहे. म्हणून एस्टिमेटच्या कागदावर नुसतं 'मेश' नको, प्रकार लिहून घ्या.

गुदद्वारातून करायची डेलॉर्म पद्धत 1900 सालची, फ्रेंच लष्करी सर्जनची. कमरेत भूल देऊन होते आणि पोट उघडत नाहीत, म्हणून हृदय-फुफ्फुसं कमकुवत असलेल्या वयस्करांना सोयीची. बाहेर काढलेल्या भागाचं फक्त आतलं अस्तर सोलतात, उघड्या स्नायूला चुण्या घालून तो गोळा करतात आणि अस्तराच्या कडा जोडतात. लहान, दोन-चार सेंटीमीटरच्या भ्रंशाला उत्तम. मोठ्या भ्रंशात अंग पुन्हा बाहेर येण्याचं प्रमाण बऱ्याच रुग्णमालिकांत जाळीपेक्षा जास्त आढळलं. ब्रिटनमधल्या प्रॉस्पर चाचणीत मात्र 2013 साली पद्धतींमध्ये ठळक फरक सिद्ध झाला नाही. 'आमचीच पद्धत शंभर टक्के' असं कुणी सांगितलं तर हे आठवावं.

आता गळतीचं, म्हणजे शी न रोखता येण्याचं. ज्याच्या चड्डीला डाग पडतो त्याला ऑपरेशनकडून हवं असतं ते हेच. अंग पहिल्या दिवशी आत जातं, पण गळतीचा निकाल सहा महिने ते वर्षभराने लागतो. सतत खाली येणाऱ्या आतड्यामुळे स्फिंक्टर, म्हणजे गुदद्वार आवळून धरणारा स्नायू, ताणलेला असतो, त्याच्या नसाही दमलेल्या असतात. ओढ थांबल्यावर हे सावकाश सावरतं. बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या 2004 सालच्या, जाळीच्या ऑपरेशनच्या मूळ रुग्णमालिकेत 42 रुग्णांपैकी 31 जणांना गळती होती आणि त्यातल्या 28 जणांत लक्षणीय सुधारणा झाली. पण सुधारणा म्हणजे पूर्ण कोरडं राहणं नव्हे. बाळंतपणात स्फिंक्टर फाटलेला असेल तर जाळी तो जोडत नाही. म्हणून आधी गुदमार्गाची सोनोग्राफी आणि मॅनोमेट्री (स्फिंक्टरच्या दाबाचं मोजमाप) मागा.

गळती मोजायला वेक्सनर स्कोअर वापरा; आकडा जितका मोठा तितकी गळती जास्त. घट्ट शी, पातळ शी, वारा, पॅडची गरज आणि दैनंदिन जीवनावरचा परिणाम, प्रत्येकाला 0 ते 4 गुण, एकूण 20. ऑपरेशनआधीचा आकडा तारखेसह फाईलमध्ये लिहा. तो नसेल तर 'बरं वाटतंय ना?' एवढ्यावरच पुढची भेट उरकते.

डिस्चार्जच्या कागदातली एक खटकणारी सवय म्हणजे सगळ्यांना सारखंच जुलाबाचं सिरप. कुंथू नये हे खरं, पण गळती असलेल्याची शी पातळ झाली की तो घराबाहेरच पडत नाही. इसबगोल आणि पुरेसं पाणी देऊन शी मऊ पण बांधलेली ठेवणं बरं. ओटीपोटाचे व्यायाम केव्हा सुरू करायचे हेही घरी जाण्याआधीच विचारून घ्या. वर्षानंतरही स्कोअर हलला नाही, तर सेक्रल नर्व्ह स्टिम्युलेशन, म्हणजे सेक्रमजवळच्या नसांना विजेचे सौम्य झटके देणं, हा पर्याय आहे. त्यात आधी दोन-तीन आठवडे तात्पुरती तार घालून पाहतात आणि गळती निम्म्याने कमी झाली तरच कायमचं यंत्र बसवतात. यंत्र महाग आहे, त्यामुळे चाचणीच्या काळातली डायरी रुग्णाने स्वतः, रोजच्या रोज लिहावी.