निळ्या रेघा की रंगीत पक्षी?

डेन्मार्कच्या रॉयल कोपनहेगन या चिनी मातीची भांडी बनवणाऱ्या कंपनीची 'ब्लू फ्लूटेड' नक्षी 1775 पासूनची. एकदा भाजलेल्या ताटलीवर कोबाल्टचा निळा रंग कुंचल्याने भरतात, वरून ग्लेझ म्हणजे चकचकीत लेप चढवून पुन्हा भाजतात. एका जेवणाच्या ताटलीवर 1197 फटकारे! रंग काचेसारख्या थराखाली राहतो, त्यामुळे सुरी-काट्याने तो खरवडत नाही. ताटलीच्या मागच्या बाजूवरच्या खुणेतल्या तीन लाटा म्हणजे डेन्मार्कच्या तीन सामुद्रधुन्या.

हंगेरीतल्या हेरेंड या अशाच कंपनीच्या 'रोथशिल्ड' नक्षीतले पक्षी ग्लेझच्या वर रंगवलेले. म्हणून गुलाबी, हिरवा, सोनेरी असे नाजूक रंग शक्य होतात, पण जपणूकही तितकीच. सोनेरी काठ असेल तर मायक्रोवेव्ह नकोच.

पाहुण्यांसाठी वर्षातून दोनदा मेज सजवणार असाल तर हेरेंड घ्या. मला मात्र रोज जेवता येईल अशी निळी ताटलीच हवी.