मराठी वचनपेटी : घ्यावी, पण डोळे मिटून चिठ्ठी काढू नये

तळहातावर मावणारी पुठ्ठ्याची पेटी, आत शंभर-सव्वाशे चिठ्ठ्या, प्रत्येकीवर बायबलमधलं एक वचन. वॉचनाइटच्या, म्हणजे 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेनंतर चिठ्ठी काढायला रांग लागते, आणि भुसावळपासून नवापूरपर्यंत बऱ्याच ख्रिस्ती घरांत ही पेटी शोकेसवर दिसते.

सुरनळीच्या चिठ्ठ्यांपेक्षा सपाट कार्डांची पेटी घ्या. सुरनळी पुन्हा नीट गुंडाळली जात नाही, आणि मे महिन्यात आपल्याकडे कागद असा कडक होतो की कडा तुटतात. टाइप बारीक आहे. आजीला वाचायला द्यायची असेल तर दुकानातच उजेडात धरून बघा.

वचनांची निवड बरी आहे. यशया 41:10, मत्तय 11:28, 1 पेत्र 5:7 ही आजाऱ्याच्या उशाशी ठेवावीत अशी. खोट आहे ती काटछाटीत. यिर्मया 29:11 मधले 'हिताचे संकल्प' छापलेत, पण ते बाबेलात (बॅबिलोनमध्ये) नेलेल्या यहुदी बंदिवानांना लिहिलेल्या पत्रातले, आणि त्याच्या आदल्याच ओवीत सत्तर वर्षं थांबायला सांगितलंय, हे चिठ्ठीवर कुठून येणार? नोकरीची वाट पाहणाऱ्या पोराला ती पुढच्या आठवड्याची हमी वाटते. हबक्कूक 3:18 चं त्याहून वाईट झालंय. 'तरी मी आनंद करीन' एवढंच ठेवलं. अंजीर फुललं नाही, शेतात पिकलं नाही, गोठ्यात गुरं नाहीत, ही 17वी ओवी गाळली. रावेर-यावलकडे वादळात केळीची बाग आडवी झालेल्या माणसाला नेमकी तीच ओवी हवी असते. तिच्यावाचून 'आनंद करीन' हा टोमणा वाटतो.

खरी अडचण मात्र चिठ्ठी न बघता काढण्याची. ऑपरेशनच्या आदल्या रात्री 'मृत्युच्छायेच्या दरीतून' हाती आलं, तर पेशंटला पुढचं 'तू माझ्याबरोबर आहेस' ऐकूच येत नाही. म्हणून पेटी आणल्या दिवशीच सगळ्या चिठ्ठ्या ताटात ओता आणि पाकिटं करा: आजारपण, परीक्षा-नोकरी, शेतीचं नुकसान, उपकारस्तुती. मयताच्या घरासाठी पाकीट नको. तिथे रोम 8:28, म्हणजे 'सगळं मिळून भल्यासाठीच होतं', पहिल्या दिवशी देऊच नये. रोम 12:15 करावं, म्हणजे बसून रडावं. मुलंबाळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस मुकाट बसले होते तोवर त्यांचं बरोबर होतं.

चिठ्ठीची मागची बाजू कोरी असते, आणि पेटीत सगळ्यात कामाची तीच. तिथे आपल्या हाताने एकच ओळ लिहा: माणसाचं नाव, त्याने केलेलं एक काम, आणि त्यामुळे काय झालं. 'देव तुम्हाला आशीर्वाद देवो' कुणालाही चालतं, म्हणून कुणाच्याच लक्षात राहत नाही. 'तुम्ही रोज डबा पोचवला, म्हणून आई वेळेवर गोळ्या घेऊ शकली' हे राहतं. बर्णबाने शौलाची (पुढचा पौल) ओळख प्रेषितांना करून दिली तीही अशीच (प्रे. कृत्ये 9:27); आधी छळ करणाऱ्या शौलाला सगळे भीत होते. 'माणूस चांगला आहे' यावर न थांबता, वाटेत त्याने प्रभूला पाहिलं आणि दमास्कसात तो न भिता बोलला, एवढं नेमकं सांगितलं. बर्णबाचं मूळ नाव योसेफ. बर्णबा, म्हणजे बोधपुत्र, धीर देणारा, हे प्रेषितांनी ठेवलेलं.

ही ओळ घरच्या बोलीत असू द्या. छापील मराठी पुस्तकी आहे, 'कल्याणकारक'वर पोरं अडखळतात. 'घाबरू नको, आमी शेतस ना' एवढं अहिराणीत लिहिलं तरी पुरे, नवापूरकडे मावचीत. मात्र जे जमणार नाही ते लिहू नका. 'काही लागलं तर सांगा' यापेक्षा 'गुरुवारी दवाखान्यात मी येतो' बरं, आणि मग गुरुवारी जायचं.

घरभेटीला जाणाऱ्यांनी जरूर घ्यावी. संडे स्कूलसाठी घेत असाल तर पैसे वाचवा: जाड कार्डशीट आणा, कापा, आणि वचनं मुलांकडूनच लिहून घ्या, आधीच्या-नंतरच्या ओवीसकट.