6 पॅनलचं सोलर, 2 वर्षं वापरून

5 पैकी 4 स्टार. एक का कापला ते पुढे येईल.

गच्चीवर 540 वॉटची 6 पॅनल आहेत म्हणजे कागदावर 3.24 किलोवॉट, पण ॲपमध्ये हा आकडा मी 2 वर्षांत एकदाही बघितलेला नाहीये. भर दुपारी लख्ख ऊन असलं तरी 2.5 च्या आसपास. आधी वाटलं गंडवलं आपल्याला. मग कळलं की पॅनलवर छापलेलं असतं ते लॅबमधलं, 25 डिग्रीला मोजलेलं, आणि उन्हात पॅनल आरामात 65 ला जातं, दर डिग्रीमागे साधारण 0.35 टक्के वीज कमी, करा हिशोब, 14 टक्के तिथेच गेले! ऊन पाहिजे पण गरमी नको असे नखरे आहेत याचे. धूळ, वायर, इन्व्हर्टर (पॅनलची DC वीज घरात चालणाऱ्या AC मध्ये बदलणारा डबा) हे खातात ते वेगळंच.

स्वच्छ दिवसाला 12-13 युनिट मिळतात, गच्च ढग असले की 3 वर पण येतं.

सावलीचं मात्र मी हलक्यात घेतलं होतं. संध्याकाळी टाकीची सावली एका पॅनलच्या कोपऱ्यावर येते, एवढीशी, पण सगळी पॅनल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेली असतात ना, त्यामुळे एक अडलं की सगळी अडतात; आत बायपास डायोड (अडलेल्या भागाला वळसा देऊन वीज पुढे नेणारे) आहेत म्हणून त्या पॅनलचा तिसरा हिस्साच बंद पडतो, नाहीतर अख्खी लाईन बसली असती. टाकी आधी हलवायला हवी होती, आता कोण हलवणार.

आता तो कापलेला स्टार. लाईट गेली की हे पण बंद!! बाहेर रणरणतं ऊन आणि घरात पंखा बंद. विकणाऱ्याने अवाक्षर काढलं नव्हतं. कारण बरोबर आहे, तारेवर काम करणाऱ्या माणसाला आपल्या विजेचा शॉक बसू नये म्हणून ग्रिडवाला (म्हणजे वीज कंपनीच्या लाईनला जोडलेला) इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो, पण आधी सांगा की राव. बॅकअप पाहिजे असेल तर बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर घ्या, खर्च बराच वाढतो.

जास्तीत जास्त वीज बनते 10 ते 3, आपण घरी असतो रात्री. नेट मीटर (उरलेली वीज ग्रिडला दिली की ती बिलातून वजा करणारा) असेल तर ठीक, नसेल तर वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर दुपारी लावायची सवय करा, आम्ही केली. पॅनलच्या वीजनिर्मितीला वॉरंटी साधारण 25 वर्षांची असली तरी तेवढ्या काळात इन्व्हर्टर बहुतेक एकदा तरी बदलावा लागतो, तो खर्च आत्ताच धरून ठेवा. आणि पॅनल धुवायची ती सकाळी गार असताना, तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.